जातिवंत सोबती

पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस सह्याद्रीच्या डोंगररांगा यांच्यामध्ये पालघर जिल्हा वसलेला आहे. पूर्वी हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. या जिल्ह्यात कुत्रा कोणास अपरिचित नाही. सातपाटीच्या बंदरात मासळीने भरलेल्या होड्या लागल्या की, किनाऱ्यावर कुत्री गोळा होतात. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत रात्री पान सळसळले, तरी राखणीचा कुत्रा कान टवकारतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर गुराख्याच्या मागोमाग कुत्रा रानात जातो. वारली लोक झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे रेखाटतात; त्यांतही माणसे, झाडे व गुरे यांच्या जोडीला कुत्र्याला स्थान असते. ही सारी गावठी कुत्री होत. त्यांना कोणी विकत आणलेले नसते. ती त्या मातीत जन्मतात आणि त्याच मातीत वाढतात.

बोईसर-तारापूरकडे गेले म्हणजे मात्र निराळे दृश्य दिसते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे बोईसरला मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून कुटुंबे तेथे राहावयास आली. या वसाहतींच्या रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ गळपट्टा घातलेली निराळीच कुत्री फिरताना दिसतात. त्यांत पिवळसर रंगाचा, गुबगुबीत लॅब्रॅडॉर असतो. ताठ कानांचा जर्मन शेफर्ड असतो. चपट्या तोंडाचा, बटबटीत डोळ्यांचा पग असतो. आणि क्वचित दाट केसांचा, निळ्या डोळ्यांचा हस्कीही असतो. ही कुत्री पाहून मुलांचे डोळे लकाकतात आणि ‘आपल्याही घरी असा कुत्रा हवा’ असा हट्ट घरोघर सुरू होतो. हा हट्ट पुरविण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे शोधणे अगत्याचे आहे. ही कुत्री मूळची कोठली? त्यांना हे रूप कोणी दिले? आणि पालघरच्या दमट हवेत त्यांचे कसे निभते?

आजच्या सर्व कुत्र्यांचे पूर्वज लांडगे होत. निदान १५,००० वर्षांपूर्वी माणूस शिकार करून राहत असता लांडग्यांचे काही कळप त्याच्या वस्तीजवळ घुटमळू लागले असावेत. त्यांपैकी ज्यांना माणसाची भीती कमी वाटे, ते अधिक जवळ आले आणि पिढ्यान् पिढ्या जवळ राहून माणसाळले. शेती सुरू होण्याच्या आधी, गाय किंवा घोडा पाळला जाण्याच्याही आधी, कुत्रा माणसाचा सोबती झालेला होता.

पुढे माणसाने या सोबत्याकडून निरनिराळी कामे करून घेण्यास प्रारंभ केला. मेंढपाळाला कळप वळविण्यात चतुर असा कुत्रा हवा होता. म्हणून त्याने तशा कुत्र्यांची पिल्ले जतन केली. शिकाऱ्याला वेगाने धावणारा कुत्रा हवा होता. त्याने लांब पायांच्या आणि निमुळत्या अंगाच्या कुत्र्यांची वीण वाढविली. बर्फाळ प्रदेशातील लोकांनी गाडी ओढणारी बळकट कुत्री तयार केली. याप्रमाणे हवे ते गुण असलेल्या नरमाद्या निवडून, त्यांची संतती वाढवून कुत्र्यांच्या जाती निर्माण झाल्या. १८७३ साली लंडन येथे केनेल क्लब ही संस्था स्थापन झाली आणि कुत्र्यांच्या वंशावळी वहीत नोंदविण्याची पद्धत पक्की झाली. ज्याचे आईबाप, आजेपणजे एकाच जातीचे असून त्यांची नोंद ठेवलेली असते, त्या कुत्र्यास जातिवंत कुत्रा म्हणतात.

जातिवंत कुत्रा लोकांना आवडतो, यात नवल नाही. अशा कुत्र्याचे पिल्लू मोठेपणी किती उंच होईल, त्याचे केस कसे असतील, स्वभाव साधारणपणे कसा राहील, याचा अंदाज आधीच बांधता येतो. त्याच्या अंगी पूर्वजांचे कसब उतरलेले असते. लॅब्रॅडॉरचेच उदाहरण घेता येईल. त्याचे पूर्वज उत्तर अमेरिकेच्या पूर्वेस असलेल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांजवळ राहत. गळाला लागून निसटलेला मासा पकडणे आणि जाळ्याची दोरी पोहत जाऊन ओढून आणणे, हे त्यांचे काम असे. तेथील समुद्राचे पाणी बर्फासारखे थंड. म्हणून त्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असत. आतला थर मऊ व दाट आणि बाहेरचा तेलकट असल्यामुळे पाणी अंगास भिडत नसे. एकोणिसाव्या शतकात ही कुत्री इंग्लंडमध्ये नेण्यात आली आणि १९०३ मध्ये लॅब्रॅडॉर या जातीस तेथे मान्यता मिळाली. सातपाटीच्या कोळ्याला जर त्या काळचा न्यूफाउंडलंडचा किनारा पाहावयास मिळाला असता, तर जाळे, होडी, मासळी आणि कुत्रा हे सारे त्याला आपल्या ओळखीचे वाटले असते. केवळ थंडी तेवढी परकी वाटली असती. धन्याच्या हातात वस्तू आणून देण्याची लॅब्रॅडॉरची हौस त्या जुन्या कामाचीच खूण आहे. याच गुणामुळे आज तो अंधांना वाट दाखवितो आणि पोलिसांना दडविलेली स्फोटके वासावरून शोधून देतो.

जर्मन शेफर्ड हा मूळचा मेंढपाळांचा कुत्रा. माक्स फोन स्टेफानित्स या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने १८९९ साली एक चलाख, तरतरीत कुत्रा विकत घेतला आणि त्याच्यापासून ही जात पद्धतशीरपणे वाढविली. कुत्रा दिसण्यापेक्षा कामात चांगला असला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. हस्कीची कीर्ती तर एका संकटामुळे जगभर पसरली. १९२५ च्या जानेवारी महिन्यात अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ आली. औषध आगगाडीने जेथवर आणता आले, तेथून नोम सुमारे १,०८५ किलोमीटर दूर होते, आणि वाटेत सर्वत्र बर्फ होते. तेव्हा २० गाडीवानांनी आपापल्या कुत्र्यांच्या गाड्या टप्प्याटप्प्याने हाकीत, हाडे गोठविणाऱ्या थंडीत सुमारे साडेपाच दिवसांत ते औषध नोमला पोहोचविले. सर्वांत लांब व बिकट टप्पा टोगो या कुत्र्याच्या गाडीने पार पाडला. अखेरच्या टप्प्यातील गाडीच्या अग्रभागी बाल्टो नावाचा कुत्रा होता. त्याचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या उद्यानात उभारण्यात आला.

अशा निष्ठेचा मान आपल्या देशातही राखला गेला आहे. छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या नावाचा लाडका कुत्रा होता. शिकारीच्या प्रसंगी त्याने महाराजांचा जीव वाचविला, असे सांगतात. त्या मुक्या सेवकाची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुली येथे आजही पाहावयास मिळते.

घरात कुत्रा असण्याचा आनंद खरोखरच मोठा असतो. शाळेतून परतणाऱ्या मुलाची चाहूल त्याला आधी लागते. मूल परीक्षेत पहिले आले की शेवटचे, याची तो चौकशी करीत नाही. एकुलत्या एका मुलाला तो भावंडासारखा वाटतो आणि नोकरीनिमित्त गावाकडून दूर आलेल्या वृद्धांना तो बोलके घर देतो. कुत्र्याला रोज वेळेवर पाणी व अन्न देताना मुलांच्या अंगी नेमस्तपणा येतो. परंतु कोणत्याही आनंदाची किंमत कोणी तरी मोजतच असतो. जातिवंत कुत्र्याच्या बाबतीत ती पुष्कळदा कुत्र्यालाच मोजावी लागते.

वंशावळीच्या वह्या आल्या, तसतशी कुत्र्यांची प्रदर्शने भरू लागली. तेथे कुत्रा किती काम करतो यापेक्षा तो कसा दिसतो, यावर बक्षिसे मिळू लागली. ज्याचे नाक आखूड, त्याचे आणखी आखूड करावे. ज्याची पाठ लांब, तिची आणखी लांब करावी, अशी चढाओढ सुरू झाली. पग हा त्याचा ठळक नमुना होय. चीनमध्ये राजेलोकांच्या मांडीवर बसणारा हा लहानसा कुत्रा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या चित्रांत त्याचे नाक बऱ्यापैकी पुढे आलेले दिसते. पुढे निवडीत त्याचा चेहरा चपटा होत गेला. चेहऱ्याचे हाड आखूड झाले. पण नाकाच्या व घशाच्या आतील मांसल भाग त्या मानाने आखूड झाला नाही. त्यामुळे श्वासाची वाट अरुंद झाली. पग झोपेत घोरतो, तेव्हा पाहणाऱ्यांना हसू येते. वस्तुतः ती श्वासासाठी चाललेली धडपड असते.

ही अडचण पालघरसारख्या ठिकाणी अधिक कठीण कशी होते, हे समजण्यासाठी कुत्र्याचे शरीर थंड कसे राहते, ते पाहिले पाहिजे. उकाडा झाला म्हणजे माणसाच्या सर्वांगास घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. कुत्र्याला असा घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पावलांच्या गादीत असतात. म्हणून तो तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकतो. जिभेवरील, तोंडातील व नाकातील ओलाव्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर अंगातील उष्णता बाहेर जाते. मात्र त्यासाठी बाहेरची हवा कोरडी असावी लागते. पावसाळी, कुंद दिवशी सातपाटीच्या किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील लवकर वाळत नाहीत, हे कोळ्यांच्या मुलांना ठाऊक असते. हवेतच पाणी भरलेले असले म्हणजे ती आणखी पाणी घेत नाही. हाच न्याय कुत्र्याच्या जिभेलाही लागू पडतो. वैशाखात समुद्रकाठची हवा तापते आणि दमटही असते. अशा वेळी धडधाकट कुत्राही त्रासतो. मग ज्याची श्वासाची वाटच अरुंद आहे, त्या पगचे काय होत असेल? आणि ज्याच्या अंगावर बर्फासाठी विणलेली दुहेरी शाल आहे, त्या हस्कीचे काय होत असेल? कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणपणे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघाताचा धोका असतो आणि काही वेळातच प्राण जाऊ शकतात.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ती रक्तात असते. एखादी जात शुद्ध ठेवण्यासाठी त्याच वहीतील थोड्या नरमाद्यांची संतती पुनः पुनः वाढवितात. घोलवडच्या बागायतदाराला ही गोष्ट चिकूवरून चटकन समजेल. कालीपत्ती चिकूचे कलम लावले की फळ आईच्या झाडासारखेच गोड येणार, याची खात्री असते. परंतु त्या झाडात एखादे वैगुण्य असेल, तर तेही प्रत्येक कलमात येते. कुत्र्यांच्या जाती काही कलमे नव्हेत. तरी जवळच्या नात्यातच वीण होत राहिली, तर गुणांबरोबर दोषही पक्के होतात. जर्मन शेफर्ड व लॅब्रॅडॉर यांच्या पुष्कळ कुळांत खुब्याचा सांधा नीट बसत नाही. वाढत्या वयात चालणे दुःखदायक होते. लॅब्रॅडॉर सदा भुकेलेला दिसतो, ही त्याची खोडी समजली जाते. २०१६ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथील संशोधकांना असे आढळले की, सुमारे चौथाई लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या एका जनुकात बिघाड असतो आणि त्यामुळे पोट भरल्याची जाणीव त्यांना पुरेशी होत नाही. घरातील प्रत्येकाने लाडाने एकेक बिस्किट दिले, तर असा कुत्रा लठ्ठ होतो आणि त्याचे सांधे अधिकच दुखू लागतात.

माणसाने केलेली चूक माणूस सुधारूही शकतो. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असणाऱ्या डाल्मेशियन जातीत मूत्रखड्याचा विकार आढळतो. कारण त्या जातीतील कुत्र्यांच्या शरीरात युरिक आम्ल नीट मोडले जात नाही. १९७३ साली अमेरिकेतील एका आनुवंशशास्त्रज्ञाने डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी एकदाच संकर केला आणि पुढे त्या संततीची वीण पुनः डाल्मेशियनशीच वाढविली. काही पिढ्यांनंतर जी कुत्री निपजली, ती दिसावयास पूर्ण डाल्मेशियन, पण त्या दोषापासून मुक्त अशी होती. त्यांना ‘शुद्ध’ म्हणावे की नाही, यावर अनेक वर्षे वाद झाला. अखेर २०११ साली अमेरिकन केनेल क्लबने त्यांची नोंद घेतली. कुळाच्या शुद्धतेपेक्षा जीवाचे स्वास्थ्य मोठे, हे त्या दिवशी मान्य झाले. नॉर्वे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये असाच कौल दिला. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही जात रोगांनी इतकी पोखरली आहे की, तिची वीण वाढविणे हे प्राणिकल्याणाच्या कायद्याविरुद्ध होते, असा निर्णय त्या न्यायालयाने दिला.

तिसरी गोष्ट व्यापाराची आहे. एखाद्या जातीची लाट येते. २००३ च्या सुमारास भारतात एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागोमाग जाणारा पग दिसू लागला. ती जाहिरात अत्यंत लोकप्रिय झाली आणि गावोगाव पगला मागणी आली. मागणी वाढली की लोभी माणसे पुढे सरसावतात. अंधाऱ्या खोलीत माद्या कोंडून ठेवायच्या, एक वेत होते न होते तोच दुसऱ्याची तयारी करायची आणि पिल्लांचे डोळे उघडून थोडे दिवस झाले की त्यांना आईपासून तोडून विकायचे, असा हा धंदा चालतो. आईच्या दुधाविना वाढलेले पिल्लू अशक्त राहते. भावंडांत खेळताना हळू चावण्याचा धडा त्याने घेतलेला नसतो. म्हणून ते पुढे भित्रे किंवा चावरे होते. विकत घेणाऱ्याला त्या गोजिरवाण्या पिल्लाचे डोळे दिसतात. त्याच्या आईचे हाल दिसत नाहीत.

या अन्यायाला आळा घालण्यासाठी आपल्या देशात कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली झाला. त्याखाली २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी नियम करण्यात आले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. १८ महिने पूर्ण होण्यापूर्वी मादीपासून वीण घेता कामा नये. आणि ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता कामा नये, अशी त्यांत तरतूद आहे. सर्वच पैदास करणारे वाईट नसतात. चांगला माणूस नरमाद्यांची पशुवैद्याकडून तपासणी करून घेतो, पिल्लाची आई उघडपणे दाखवितो आणि घेणाऱ्यालाच चार प्रश्न विचारतो. जो आई दाखविण्याचे टाळतो आणि रस्त्यातच पिशवीतून पिल्लू हाती देतो, त्याच्याकडून ते घेणे म्हणजे त्याच्या क्रूरपणाला पैसे पुरविणे होय.

पिल्लू घरी आले, म्हणजे कर्तव्य संपले असेही नाही. पुष्कळदा खरी कसोटी वर्षभराने लागते. मुठीएवढे पिल्लू तीस किलो वजनाचा कुत्रा होते. त्याला दोन वेळा फिरवून आणण्याचा कंटाळा येतो. औषधपाण्याचा खर्च वाढतो. घरच्या कर्त्या माणसाची दुसऱ्या गावी बदली होते. मग कोणी तरी एके दिवशी त्याला दूर नेऊन सोडून देतो. गावठी कुत्र्याला रस्ता ठाऊक असतो. अन्न कोठे मिळेल, सावली कोठे आहे, कोणती गल्ली कोणाची, हे तो जाणतो. घरात वाढलेला जातिवंत कुत्रा मात्र तेथेच बसून धन्याची वाट पाहत राहतो. प्राण्याला उपाशी मरण्यासाठी टाकून देणे, हा १९६० च्या कायद्याप्रमाणे अपराधच आहे. परंतु कायदा नसता, तरी तो विश्वासघातच ठरला असता.

म्हणून कुत्रा आणण्यापूर्वी सर्व कुटुंबाने एकत्र बसून विचार करावा. हा कुत्रा दहा-बारा वर्षे आपल्याबरोबर राहणार आहे. तोवर त्याला सांभाळण्याची सर्वांची तयारी आहे काय? घरातील सर्वजण कामावर व शाळेत गेले, तर तो दिवसभर एकटाच राहील काय? त्याची मूळची हवा कोणती आणि आपली कोणती? त्याला धावण्यास जागा आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर अडखळत येत असेल, तर त्या जातीचा मोह आवरणेच शहाणपणाचे होय. बोईसरच्या दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत हस्की आणणारा माणूस त्याच्या निळ्या डोळ्यांवर प्रेम करतो, हस्कीवर नव्हे.

ज्यांच्या घरी अशी कुत्री आधीच आहेत, त्यांनी स्थळकाळ पाहून त्यांची निगा राखावी. उन्हाळ्यात त्यांना पहाटे आणि सूर्यास्तानंतर फिरवावे. डांबरी सडकेवर हाताची मागची बाजू काही क्षण टेकवून पाहावी; माणसाच्या हाताला जे चटका देते, ते कुत्र्याच्या पावलांनाही भाजते. प्यावयाचे स्वच्छ पाणी सदैव भरलेले असावे. बंद मोटारीत कुत्र्याला क्षणभरही ठेवू नये. पावसाळ्यात अंग ओले राहिल्याने त्वचेचे विकार होतात आणि गोचिडांमुळे तापही येतो. म्हणून कान, काखा व बोटांमधील जागा रोज तपासावी. पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी लसी टोचून घ्याव्यात. रेबीज हा रोग जडला म्हणजे माणूस किंवा कुत्रा बहुधा वाचत नाही. परंतु लस घेतली तर तो टळतो. कोणताही कुत्रा चावला अथवा त्याचे दात ओरखडले, तर ती जखम साबण व वाहते पाणी यांनी १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता दवाखान्यात जावे. भीतीपोटी घरी न सांगणे मुलांच्या जिवावर बेतू शकते.

कुत्रा हवाच असेल, तर तो परदेशीच असला पाहिजे, असेही नाही. आपल्या देशातही नामांकित जाती आहेत. उत्तर कर्नाटकातील मुधोळ संस्थानाच्या नावाने ओळखला जाणारा मुधोळ आणि महाराष्ट्रातील कारवान हे चपळ शिकारी कुत्रे दख्खनच्या कोरड्या माळरानावर वाढले. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने मुधोळ, रामपूर, राजापालयम आणि हिमालयातील मेंढपाळांचा कुत्रा, या चार देशी जातींची तिकिटे काढली. मात्र मुधोळसारख्या कुत्र्याला धावण्यासाठी मोकळे रान लागते. तेव्हा देशी जातीच्या बाबतीतही वरचे सर्व प्रश्न विचारलेच पाहिजेत.

आणि दाराशी असलेल्या गावठी कुत्र्याचे काय? त्याला वंशावळ नाही. कोणत्याही वहीत त्याची नोंद नाही. परंतु त्याचे आखूड केस, निमुळते तोंड आणि काटक बांधा हे या हवेनेच घडविलेले आहेत. अनेक कुळांचे रक्त त्याच्यात मिसळलेले असल्यामुळे जातिवंतांना छळणारे पुष्कळसे आनुवंशिक विकार त्याला सहसा जडत नाहीत. लहानपणापासून माया लावली, लसी टोचल्या आणि शिकविले, तर तोही हाक ऐकतो, घर राखतो आणि मुलांबरोबर खेळतो. सातपाटीच्या किनाऱ्यावर किंवा बोईसरच्या गल्लीत जन्मलेल्या एखाद्या पिल्लाला घर मिळाले, तर एका जिवाचे आयुष्य सुधारते आणि क्रूर व्यापाराला त्यातून एक पैसाही मिळत नाही.

संत नामदेवांची एक कथा महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. त्यांची भाकरी कुत्र्याने पळविली, तेव्हा ते काठी न घेता तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोरडी भाकरी त्याच्या घशात अडकेल, याची त्यांना काळजी वाटली. तो कुत्रा कोणत्या जातीचा होता, हे कथेत सांगितलेले नाही. नामदेवांनी फक्त त्याला काय हवे आहे, एवढेच पाहिले. भारताच्या संविधानात १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट करण्यात आली. सजीव प्राण्यांविषयी दया बाळगणे हे त्यांपैकी एक आहे. जातिवंत कुत्रा असो वा गावठी, तो मागतो फार थोडे: पाणी, अन्न, सावली, मोकळा श्वास आणि आपल्या माणसाचा सहवास. एवढे जो देऊ शकतो, त्यानेच कुत्रा पाळावा. आणि पाळल्यावर अखेरपर्यंत त्याला अंतर देऊ नये.